इर्जिक

माझी पुतणी जपानात यंत्रमानव तयार करते, ही बातमी आमच्या सोसायटीत माझ्या पत्नीने पसरवली. बातमी खोटी नव्हती. पण बातमीला पाय फुटले की ती कोणाच्या दारात जाऊन उभी राहील ते सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत पुतणी चार वर्षांनी पुण्यास येणार असे कळताच तळमजल्यावरच्या वहिनींनी चौकशी केली, की येताना धुणीभांडी करणारा एखादा आणता येईल का? म्हणजे मोलकरणीच्या खाड्यांची कटकट एकदाची मिटेल. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्यांची अपेक्षा त्याहूनही मोठी होती.

पुतणी आली. तिने सगळ्यांचे सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाली, "काकू, माझे यंत्रमानव भांडी घासत नाहीत. ते भांड्यातच राहतात."

भांडे म्हणजे काचेची एक पट्टी आणि तिच्यावर पाण्याचा थेंब. त्या थेंबात तिची सारी फौज! फौज केवढी, तर होक्काइडो विद्यापीठात अकिरा काकुगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली अशी सुमारे ५० लाख रेणुयंत्रे एकाच वेळी चालवून दाखवली. पुतणी तिथली नव्हे, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतली. पण पंथ तोच. फराळाची ताटली बाजूला सारून तिने एक चित्रफीत लावली. काळ्या पडद्यावर बारीक उजळ रेघा सरपटत होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे प्रथिनाची एक पोकळ नळी. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या चारपाच भागांएवढी तिची लांबी. आरंभी ज्या त्या रेघेची वाट निराळी होती. मग थेंबात काहीतरी मिसळले गेले आणि रेघा एकमेकींना बिलगून थव्याथव्याने एका दिशेने निघाल्या. पुन्हा दुसरे काही मिसळले, तसे थवे मोडले.

"यात यंत्र कोठे आहे?" मी विचारले. मास्तरकी सोडून वीस वर्षे होत आली, तरी फळ्यापाशी उभ्या असलेल्याला आडवा प्रश्न घालण्याची माझी खोड गेलेली नाही.

"यंत्र तुमच्या अंगातच आहे, काका," ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितले ते असे. आपल्या शरीरातल्या पेशीत किनेसिन नावाचे एक प्रथिन हमाली करत असते. पेशीत या नळ्यांचे रस्ते असतात. त्यांवरून किनेसिन दोन पायांनी चालतो आणि ओझे वाहून नेतो. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरभर जायला त्याला सव्वा लाख पावले टाकावी लागतात. शास्त्रज्ञांनी हे हमाल पेशीबाहेर काढून काचेवर उलटे रोवले, पाय वर करून. आता ते जागचे हलत नाहीत. त्यांच्या पायांवरून नळ्याच पुढे सरकतात, जशी माणसांच्या रांगेतून विटांची पाटी हातोहात पुढे जाते. नळ्यांना डीएनएचे तुकडे बांधले. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला चिकटेल हे ठरलेले असते, तेव्हा कोणी कोणाचा हात धरायचा हेही आधीच ठरवता येते. ही झाली अक्कल. प्रकाश पडताच आकार बदलणारा रेणू त्यात गुंफला की झाले डोळे. पाय, अक्कल आणि डोळे एवढे जमले, की त्याला यंत्रमानव म्हणायला ही मंडळी मोकळी.

"आणि हे करतात काय?"

"ओझे उचलतात." २०२२ साली काकुगो यांच्याच गटाने दाखवले होते, की एकटी नळी जेमतेम ३ मायक्रोमीटर व्यासाचा मणी नेऊ शकते, पण थवा ३० मायक्रोमीटरचा मणी नेतो. मी मनातल्या मनात घन काढला. व्यास दसपट म्हणजे आकारमान हजारपट. एकट्या मुंगीने शेंगदाणा न्यावा आणि दहावीस जणींनी मिळून आख्खे पोते हलवावे, तसेच हे.

मी तसे बोलून दाखवले. ती हसली नाही. लॅपटॉप मिटून म्हणाली, "काका, माझ्या वेळी किती हात लागले होते?"

माझी पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली.

वाचकांना याचा उलगडा केला पाहिजे. आमचे मूळ गाव धाराशिव जिल्ह्यातले, सास्तूरपासून दोनअडीच कोसांवर. तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणून सारे जग त्याला ओळखते; पण त्यात आमच्या बाजूची गावेही तशीच गेली. आमच्याकडची घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती आणि वर मातीचे भारी माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्या पहाटे तीच घरे माणसांच्या अंगावर आली. माझी आई आणि धाकट्या भावाची बायको त्यात गेल्या. भाऊ राखणीला शेतात होता, तो वाचला. आणि सव्वा वर्षाची त्याची मुलगी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. पुढे ती आमच्याकडेच वाढली. आज तेहेतिशीला आली आहे.

आपण ढिगाऱ्यातून निघालो एवढे तिला ठाऊक होते. कशा निघालो ते आम्ही कधी सांगितले नव्हते. त्याला कारण होते. त्या दिवशीही मी प्रश्न टाळला. "पाडव्याला गावी जाऊ, तेव्हा बोलू," म्हणून वेळ मारून नेली.

*

पुण्याहून सोलापूर आणि तिथून हैदराबादच्या रस्त्याने नळदुर्ग, उमरगा असा आमचा प्रवास. मोटारीत माणसाला बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. मी विषय बदलावा म्हणून तिला चिडवले.

"तुमच्या या रोबो शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का? कारेल चापेक नावाच्या चेक नाटककाराने १९२० साली नाटक लिहिले, तिथून तो आला. त्याच्या भाषेत रोबोटा म्हणजे वेठ. आपल्याकडे निजामाच्या राज्यात देशमुख-जहागीरदार वेठ धरत. तुझे पणजोबा सांगायचे, की साहेबाचा मुक्काम पडला की गावातल्या गड्याने आपली पेरणी टाकून त्याचा तंबू वाहायचा. मजुरी नाही आणि भाकरीही घरची. तुमच्या त्या थेंबातले ५० लाख वेठबिगारच की!"

"मग वेठ नसलेले काम कोणते, काका?"

मला उत्तर शोधावे लागले नाही. मी म्हणालो, "इर्जिक."

शहरात वाढलेल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. आमच्याकडची काळी जमीन कुंद्या-हराळीने धरली की तिला जुना लाकडी नांगरच लागे. त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. आता कुणब्याच्या दावणीला बैल दोन. मग तो काय करी? गावात शब्द टाकी, की अमक्या दिवशी माझी इर्जिक आहे. ठरल्या सकाळी ज्याची त्याची जोडी घेऊन माणसे शेतावर हजर होत. एका दिवसात शिवार उलथून पडे. मजुरी कोणी मागत नसे. मालकाने दुपारी सगळ्यांना पुरणपोळी आणि येळवणीची आमटी पोटभर घालायची, आणि उद्या दुसऱ्याने हाक मारली की आपली जोडी घेऊन जायचे, एवढाच करार. तोही तोंडी.

मी सातआठ वर्षांचा असताना आमच्या शेतात झालेली इर्जिक मला आठवते. चार जोड्या एकापुढे एक. जुवावर बसून बैल हाकायला आम्हा पोरांना बसवले होते. माझ्या पुढच्या जुवावर शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा होता. तो माझ्याच वर्गात. त्याला आपण आप्पा म्हणू, आज सारे गाव म्हणते तसे. त्या वेळी मी वडिलांना विचारले होते, "सगळ्यांत जास्त कोणती जोडी ओढते?" वडील म्हणाले, "पुढची ओढते असं दिसतं. पण मागची सैल पडली की पुढचीला कळतं."

पुतणीने हे ऐकले आणि ती सरसावून बसली. "काका, हेच मुंबईत मोजलंय!"

मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे रूप मल्लिक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पेशीतल्या हमालांची ताकद मोजली. पुढे ते पवईच्या आय. आय. टी.त गेले, २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना याच कामाबद्दल मिळाले. मोजायचे कसे? तर प्रकाशाच्या चिमट्याने. लेसरचा किरण भिंगातून एका ठिपक्यावर आणला, की पाण्यातला सूक्ष्म मणी त्यात अडकून राहतो. आर्थर अॅश्किन यांना २०१८ चे नोबेल मिळाले ते ही युक्ती काढल्याबद्दल. पेशीला मणी गिळायला घालायचे, पेशीतले हमाल मणी ओढू लागले की चिमट्याने तो मागे धरायचा, आणि कोण किती जोर लावतो ते पाहायचे.

पेशीत हमालांच्या दोन जाती आहेत. किनेसिन ओझे पेशीच्या कडेकडे नेतो, तर डायनीन नावाचा दुसरा ते मध्याकडे आणतो. मौज अशी, की एकाच ओझ्याला पुष्कळदा दोघेही जुंपलेले असतात. मग रस्सीखेच चालते. यांतला किनेसिन पहिलवान आहे. तो एकटा पाच-सहा डायनीनांना भारी. डायनीन बिचारा एकटा असला तर कशाच्याच कामाचा नाही. तरीही पेशीतली मोठाली ओझी ओढायला डायनीनच पुढे असतो. हे कसे?

२०१३ साली मल्लिक यांच्या गटाने याचे उत्तर छापले. पहिलवान किनेसिनावर ओझे फार झाले की त्याची पकड सुटते. डायनीनाचे उलटे आहे. ओझे एका मर्यादेपलीकडे गेले की त्याची पकड अधिक घट्ट होते. शिवाय पुढच्या डायनीनावर भार आला की तो पावले आखूड करतो. तेवढ्यात मागचे येऊन पोहोचतात आणि भार वाटून घेतात. किनेसिनांना हे जमत नाही. चार पहिलवान एकत्र केले म्हणून चौपट जोर लागतो असे नाही. डायनीन मात्र जितके वाढवावेत तितके जोर वाढवत जातात.

"मागची सैल पडली की पुढचीला कळतं," पुतणी आजोबांचे वाक्य घोळवीत म्हणाली.

नळदुर्गला आम्ही चहाला थांबलो. मला एक शंका छळत होती. "पण या सगळ्यांना हुकूम कोण देतो? मुकादम कुठे असतो?"

"नसतोच." तिने मोबाईलवर दुसरी चित्रफीत दाखवली. ही रेणूंची नव्हती, डोळ्यांना दिसणाऱ्या यंत्रांची होती. हार्वर्ड विद्यापीठात २०१४ साली मायकेल रुबेनस्टाइन आणि राधिका नागपाल यांनी १०२४ इवलीशी यंत्रे एका टेबलावर सोडली. राधिका नागपाल मूळच्या अमृतसरच्या. एकेक यंत्र तीनसाडेतीन सेंटिमीटरचे; कापऱ्या काड्यांच्या पायांवर थरथरत सरकणारे. त्याला फक्त आपल्या आसपासची चार यंत्रे कळतात, त्यापलीकडचे काही दिसत नाही. सगळ्यांना आकृती एकदा सांगितली आणि माणसांनी हात काढून घेतला. अर्ध्या दिवसात हजार यंत्रांनी मिळून टेबलावर चांदणी काढली. वाटेत कोणी अडकले तर ते शेजाऱ्याला कळे, आणि शेजारी वाट काढी. चांदणी काढली खरी. पण त्या हजारांतल्या एकानेही चांदणी पाहिली नव्हती.

"मुकादम असला, की तो पडल्यावर सगळे पडते," पुतणी म्हणाली. "नसला, तर कोणीही पडले तरी काम पुढे चालते. मोठ्या यंत्रांचे असो की रेणूंचे, आमच्या शास्त्राचा पाया हाच आहे. जपानात १९९५ साली कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसे गेली. तेव्हापासून तिकडे ढिगाऱ्यात शिरणारे, साप-किड्यांसारखे यंत्रमानव करायचा ध्यास घेतलेले लोक आहेत. माझे रेणू त्यांच्या कामाचे नाहीत. ते थेंबाबाहेर जगत नाहीत, खडाही उचलत नाहीत. फार तर कधी काळी औषधाचा कण हव्या त्या पेशीपर्यंत नेतील. पण प्रश्न आमच्या सगळ्यांचा एकच आहे. ज्याला चार शेजाऱ्यांपलीकडे दिसत नाही, त्याला कोणता नियम शिकवला म्हणजे सगळ्यांचे मिळून काम होईल?"

"आणि नियम चुकीचा शिकवला तर?" मी म्हणालो. "जमावालाही मुकादम नसतो. त्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातली भांडीकुंडी पळवायला लोक आले होते. त्यांनाही कोणी हुकूम दिला नव्हता."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणूनच विचारते, काका. त्या दिवशी काय नियम होता?"

किल्ल्यात बोरी नदीला अडवणारी जुनी भिंत आहे, तिच्या पोटात पाणीमहाल. आम्ही तिकडे बघत चहा संपवला. आता टाळण्यात अर्थ नव्हता. उमरग्यापर्यंतच्या रस्त्यात मी तिला सगळे सांगितले.

*

मी तेव्हा सोलापूरला शाळेत होतो. बावीस वर्षे मुलांच्या रांगा लावलेला मास्तर. सकाळी बातमी येताच निघालो आणि मिळेल त्या ट्रकने अकराच्या सुमारास गावात पोहोचलो. गाव म्हणण्यासारखे काही उरले नव्हते. आमचे घर कोठे होते ते मला आडावरून ओळखावे लागले. तिथे पंधरावीस माणसे होती. कोणी दगड उचलत होते, कोणी माती ओढत होते, कोणी नुसतेच उभे होते. मला वाटले, येथे कोणीतरी सूत्रे हाती घेतली पाहिजेत. खिशात शाळेची शिट्टी होती. मी ती काढून फुंकली!

एकानेही मान वर केली नाही. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, शिट्टी ठेवा अन् घमेलं धरा."

मी घमेले धरले. तेव्हा कळले, की माणसे विस्कळीत वाटली तरी तशी नव्हती. एक रांग होती. ढिगाऱ्यातून निघालेला दगड हातोहात येत होता आणि आडाच्या पलीकडे पडत होता. रांग कोणी लावली होती? कोणीच नाही. पहिल्याला दगड टाकायला जागा नव्हती म्हणून त्याने तो दुसऱ्याच्या हातात दिला, इतकेच. आणि हीच माणसे याच घरावर का? गावात शेकडो घरे पडली होती. कारण येथून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. जिकडे आवाज, तिकडे हात. दुसरा नियम नव्हता.

आतली तुळई एका टोकाने खाली येऊन जोंधळ्याच्या भरल्या कणगीवर टेकली होती. खाली हातभर पोकळी राहिली होती, तिच्यात ती होती. वरचे दगड काढू लागले तशी तुळई सरकू लागली. तेव्हा एका गड्याने तिच्याखाली खांदा दिला. त्याच्या जोडीला आणखी तिघे होते, पण ते थकले की बदलत होते. हा बदलला नाही. वाशाचा टेकू लागेपर्यंत पाऊण तास तो तसाच होता. मग ज्या वाटेने दगड आले त्याच वाटेने, हातोहात, ती बाहेर आली. रांगेत माझा नंबर आला तेव्हा माझ्या हातात दगडाऐवजी पोर आली. तिचे डोळे मातीने भरलेले होते आणि ती जोरजोरात रडत होती.

"खांदा देणारे कोण?" पुतणीने विचारले.

"आप्पा."

"बांधवाले आप्पा?"

होय. तेच. आमच्या शेताच्या नि आप्पाच्या शेताच्या मधल्या बांधावर एक बाभूळ आहे. ती कोणाची यावरून १९८२ पासून दोन्ही घरांत बोलणे नव्हते. भूकंप झाला म्हणून तंटा मिटला असे वाचकांना वाटेल. मलाही तेव्हा वाटले होते. मिटला नाही. पुढे आणखी चार वर्षे कोर्टात तारखा पडल्या. आम्ही पोरीला काही सांगितले नाही याचे एक कारण हे. ज्याच्याविरुद्ध आपला बाप तारखेला जातो त्यानेच आपल्याला काढले, हे पोराला सांगायचे कसे?

दुसरे कारण सांगायला मला उमरगा मागे पडेपर्यंत धीर झाला नाही. आप्पाचे घर आमच्या घराला लागूनच होते. तेही पडले होते. त्याचा दहा वर्षांचा मुलगा त्याखाली होता. आप्पा जेव्हा आमच्या तुळईखाली उभा होता तेव्हा तो तिथेच होता. संध्याकाळी त्याला काढले.

मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही. तिच्या डोक्यावर हे ओझे आजवर ठेवायचे नव्हते, आणि आता ठेवले होते.

*

आमचे गाव आता नव्या जागी आहे. भूकंपात ५२ गावे पुरती उद्ध्वस्त झाली, त्यांना नवी जागा मिळाली, आमचे त्यांतलेच. सरळ रस्ते, सारख्या घरांच्या रांगा. जुन्या गावठाणात वेड्या बाभळी माजल्या आहेत.

पोहोचल्या पोहोचल्या तिने बॅग टाकली आणि ती आप्पाकडे गेली. मी मागोमाग गेलो. आप्पा ओट्यावर बसून वाती वळत होता. पाया पडून ती समोर बसली आणि शास्त्रज्ञांच्या थाटात तिने सरळ विचारले, "आप्पा, त्या दिवशी खांदा का काढला नाही?"

आप्पाने माझ्याकडे पाहिले. सांगितलेत तर, असे त्या नजरेत होते. मग म्हणाला, "काढला असता तर तुळई खाली आली असती की."

"जड नव्हती?"

"जड व्हती म्हनून तर. हलकी असती तर सोडली असती एखाद्या बारीला. वज्जं वाढलं की मानूस आवळतंच की गं."

पुतणी खाली मान घालून बसली. थोड्या वेळाने तिचा पुढचा प्रश्न आला. तो यायला नको असे मला वाटत होते. "तुमच्या घरी..."

"तिकडनं आवाज येत न्हवता," आप्पा म्हणाला, आणि त्याने पुढची वात वळायला घेतली.

नियम तोच. आम्ही तो रांगेत उभे राहून पाळला, त्याने स्वतःच्या घराकडे पाठ करून पाळला. थेंबातल्या नळीला नियम पाळण्यावाचून गत्यंतर नसते. टेबलावरच्या हजार यंत्रांनाही नसते. माणसाला असते. आप्पा आपल्या ढिगाऱ्याकडे वळला असता तर आजपर्यंत कोणीही त्याला बोल लावला नसता. वेठ आणि इर्जिक यांत फरक कोणता, हे मी मोटारीत तिला मोठ्या ऐटीत सांगितले होते. आता मला कळले, की तो मलाही पुरता ठाऊक नव्हता. बैल आणले नाहीत तरी चालले असते, अशा वेळी बैल घेऊन जाणे, म्हणजे इर्जिक.

मग तिने वही काढली आणि किती हात होते ते मोजायला आम्हाला बसवले. मी सात नावे सांगितली, आप्पाने बारा. भाऊ येऊन बसला, त्याने आणखी चार. त्यांतली तीन आप्पाने खोडली, ते दुसऱ्या घरावर होते म्हणून. शिट्टी ठेवा म्हणणारी म्हातारी कोणाची कोण हेही जमेना. ती आमच्या गावची नव्हतीच असे दोघांचेही मत पडले. पाच वेळा मोजले आणि पाच आकडे आले.

"राहू दे," आप्पा म्हणाला. "इर्जिकीला मोजदाद नसती." मग क्षणभर थांबून म्हणाला, "जेवान मातूर असतं. ते तेवढं ऱ्हायलंय तुझ्याकडं."

म्हातारा थट्टेने बोलला. पुतणीने मात्र ते मनावर घेतले. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी भावाच्या अंगणात इर्जिकीचे जेवण झाले. वहीतल्या नावांपैकी अकरा माणसे हयात निघाली. त्यांतली नऊ आली, दोघांचे डबे त्यांच्या घरी गेले. जी गेली होती त्यांची मुले-सुना आल्या. पुरण पुतणीने स्वतः वाटले. जगातली सर्वांत लहान यंत्रे हाताळणाऱ्या मुलीला पोळी गोल लाटता येत नाही, हे गावाने त्या दिवशी पाहिले. वाढायला तीच होती. कोणी तिला काही विचारले नाही आणि तिनेही कोणाचे आभार मानले नाहीत. नुसती वाढत राहिली. म्हातारी माणसे दोन पोळ्यांवर हात आडवा करत, आणि ती तिसरी टाकी.

आप्पा पहिल्या पंगतीला बसला होता. हात धुताना मी विचारले, "कसं काय झालं जेवण?"

"येळवणीत मीठ कमी हाय," तो म्हणाला. आणि मग धोतराला हात पुसत माझ्या भावाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "त्या बाभळीचं काय ते बघ एकदा. फांद्या माझ्या रानात आल्यात."